शांती बर्धन

स्नेहसंमेलनात मोठे काम मिळाले नाही की काही मुले रुसतात. त्यांच्यासाठी आम्ही या अंकात नृत्यकार शांती बर्धन यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९१६ सालचा, पूर्व बंगालमधील कोमिल्ल्याचा. अल्मोड्याला उदयशंकर यांच्या केंद्रात त्यांनी काम केले. पुढे त्यांना क्षयाने गाठले. तरीही १९५२ साली त्यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप ही संस्था काढली. त्यांच्या ‘रामायण’ बॅलेत माणसे मुखवटे घालून कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचतात. चेहरा झाकलेला, म्हणून कोणाचे नाव पुढे येत नाही. पण एकाचे पाऊल चुकले तरी खेळ बिघडतो.

१९५४ साली, चाळिशी गाठण्याआधीच, शांतीजी गेले. संस्था मात्र मोडली नाही. पत्नी गुल बर्धन, प्रभात गांगुली व इतर सहकाऱ्यांनी ती चालवली. १९६४ साली ती आपल्या ग्वाल्हेरला आली आणि पुढे भोपाळला गेली. गुलजींना २०१० साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

संस्थापक गेल्यावरही काम टिकले, ते सर्वांनी आपापले पाऊल सांभाळले म्हणून. आमच्या मुलांनी एवढे जरी लक्षात ठेवले, तरी आम्हाला समाधान आहे.