न झालेल्या भाषणाची गोष्ट

भिवंडीत एखाद्या महाविद्यालयाने किंवा वाचनालयाने व्याख्यान ठेवायचे म्हटले, की संयोजकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : पाहुणा भलतेच काही बोलून गेला तर? हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे. १९७० आणि १९८४ सालच्या दंगली या गावाने सोसल्या आहेत. यंत्रमागांच्या खडखडाटात येथे मराठी, उर्दू, तेलुगू आणि हिंदी शेजारी शेजारी नांदतात. एका वाक्याची किंमत किती पडू शकते, हे येथल्या माणसांना कोणी शिकवायला नको. पण न पटणारा पाहुणा बोलवावा का, आणि बोलावल्यावर त्याच्याशी कसे वागावे, हा पेच जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात तो पुन्हा पुन्हा आला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला हा मुलगा शाळेत वर्गाबाहेरच्या वागणुकीचे चटके सोसत मोठा झाला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात या पंचवीस वर्षांच्या परदेशी विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या त्याने एकेक करून तपासल्या. पटले ते घेतले, न पटले ते कारण देऊन बाजूला ठेवले. मतभेद आणि अदब एकाच ताटात बसू शकतात, याचा तो वस्तुपाठ होता.

मायदेशी मात्र वेगळाच अनुभव आला. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तास ऐकायला इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही येऊन बसू लागले. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी काढला. विद्या ऐकून घ्यायची, पण माणूस दूर ठेवायचा!

१९३५ च्या जूनमध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि देशभर खळबळ उडाली. अशा वेळी, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाचे निमंत्रण आले : आमच्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष व्हा. बाबासाहेब प्रथम राजी नव्हते. मंडळाने आग्रह धरला, तेव्हा त्यांनी होकार दिला आणि भाषण लिहून काढले.

मसुदा पाहून मंडळी हबकली. धर्मशास्त्रांच्या अधिकारावर त्यात सरळ बोट ठेवले होते. काही भाग गाळावा, असा तगादा सुरू झाला. मंडळाचा माणूस मुंबईलाही येऊन गेला. मंडळाची अडचण खोटी नव्हती. त्यांच्यातच फूट पडली होती आणि सभेत गोंधळ होण्याची धास्ती होती. पण बाबासाहेबांनी २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात स्वच्छ कळवले, की एका स्वल्पविरामाचाही बदल होणार नाही. अध्यक्षाला आपले मत मांडता येत नसेल, तर ते पद त्यांना नको होते. परिषद रद्द झाली.

पुढे जे घडले, ते अधिक मोलाचे आहे. त्यांनी भाषणाच्या दीड हजार प्रती स्वखर्चाने छापल्या, आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यात घातला. ज्यांनी दार लावले, त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत वाचकांपुढे ठेवली. दोन महिन्यांत प्रती संपल्या. जुलैत गांधीजींनी ‘हरिजन’मधून या भाषणावर टीका केली, परंतु अध्यक्षाचे भाषण लोकांना ऐकू न देणे ही मंडळाची चूक होती, असेही त्यांनी बजावले. आठ आणे किंमतही त्यांना जास्त वाटली! १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख छापले आणि त्यांना आपले कडक उत्तर जोडले. एकाच पुस्तकात दोघेही वाचावेत आणि वाचकाने ठरवावे.

१९४६ साली त्यांच्या संस्थेचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले, तेव्हा ते स्वतः यजमानाच्या जागी आले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे; बाकांच्या दोन्ही बाजूंनी बोलण्याची ती तालीम होती. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच कोलंबियात २४ सप्टेंबर २००७ रोजी इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद बोलायला आले. बाहेर निदर्शने चालू होती. विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी पाहुण्याची ओळख करून देतानाच त्याचे वाभाडे काढले. पाहुण्याने त्याबद्दल नाराजी दाखवली, मग भाषण केले आणि प्रश्नांना तोंडही दिले. बोलिंजर यांचे आक्षेप बिनबुडाचे होते, असे कोणी म्हणणार नाही. पण ते आक्षेप भाषणानंतर, प्रश्न म्हणून आले असते, तर अधिक झोंबले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही. लाहोरकरांनी पाहुण्याचे भाषण आधी कापू पाहिले, न्यूयॉर्ककरांनी त्याला आधी झोडपले. दोघांनाही ऐकण्याआधीच निकाल देण्याची घाई झाली.

भिवंडीने मात्र ऐकण्याचा धडा स्वतः गिरवला आहे. १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या सुरू झाल्या. एकमेकांवर संशय घेणारी माणसे एका सतरंजीवर बसली, तक्रारी तोंडावर बोलू लागली. १९९२-९३ साली शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ज्या गावाला हे जमले, त्याने व्याख्यानाला वक्ता बोलावताना डगमगू नये. कोणाला बोलवायचे, याचा विचार निमंत्रणापूर्वी हवा तितका करावा. एकदा बोलावले, की पाणी द्यावे, पुरते ऐकावे, आणि मग उभे राहून अवघडातला अवघड प्रश्न विचारावा.