विश्लेषण : ढगात शिरलेल्या वैमानिकाने विश्वास कशावर ठेवायचा? टर्न इंडिकेटर देणारे लॉरेन्स स्पेरी कोण होते?

घरी विमान बांधणे म्हटले की मराठी वाचकांना कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान उभारणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. अमेरिकेत अशा हौशी बांधणीसाठी वेगळी वर्गवारीच आहे. निम्म्याहून अधिक काम स्वतः केले, तर विमानाची ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून नोंद होते आणि पॅनेलवर कोणती उपकरणे बसवायची याची बरीच मोकळीक मालकाला मिळते. सांगाडा आणि इंजिन झाले की सर्वाधिक खल होतो तो या पॅनेलवरच. त्यावरील जायरोस्कोपवर चालणाऱ्या उपकरणांची गोष्ट न्यूयॉर्कमधील एका तरुणापाशी सुरू होते. त्यानेही पहिले विमान घरातच बांधले होते.

घरातच विमान कसे बांधले?

लॉरेन्स स्पेरी यांचा जन्म २१ डिसेंबर १८९२ रोजी शिकागोमध्ये झाला. वडील एल्मर स्पेरी हे नावाजलेले संशोधक. कुटुंब पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहायला आले. लॉरेन्स यांचे पुस्तकांपेक्षा यंत्रांत अधिक मन रमे. तळघरात त्यांनी सायकल दुरुस्तीचा उद्योग थाटला होता. किशोरवयातच, आईवडील घरी नसताना, त्यांनी घरात विमानाची जुळणी केली. ते बाहेर काढण्यासाठी घराची मोठी खिडकीच उखडावी लागली. सुरुवातीला हे विमान इंजिनाविना, ग्लायडरसारखे होते. पुढे त्याला पाच सिलिंडरचे आंझानी इंजिन बसले. १९१३ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, तेव्हा ते अमेरिकेतील सर्वांत तरुण परवानाधारकांपैकी होते.

वडिलांचा जायरोस्कोप विमानात कसा आला?

वेगाने फिरणारा भोवरा आपल्या अक्षाची दिशा सहजासहजी सोडत नाही. हा गुण वापरून एल्मर यांनी जहाजांसाठी होकायंत्र तयार केले आणि १९१० मध्ये स्पेरी जायरोस्कोप कंपनी स्थापन केली. जहाज लाटांवर डोलते, तसे विमान हवेत डोलते. त्या काळी ते सावरण्यात वैमानिकाचे दोन्ही हात सतत गुंतलेले असत. लॉरेन्स यांनी जायरोस्कोप विमानाच्या नियंत्रण पृष्ठांना जोडले. विमान कलले की भोवरा आपल्या जागी स्थिर राही. दोहोंतील फरक ओळखून यंत्रणा नियंत्रणे हलवी आणि विमान पुन्हा समतल होई. आजच्या ऑटोपायलटचा हा पूर्वज. त्याचे वजन सुमारे १८ किलो होते.

पॅरिसमध्ये काय घडले?

विमान सुरक्षित करणाऱ्या शोधांसाठी फ्रान्समध्ये स्पर्धा ठेवण्यात आली होती. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स यांनी कर्टिस कंपनीची फ्लाइंग बोट उडवली. सोबत मेकॅनिक एमिल काशँ होते. पहिल्या फेरीत लॉरेन्स यांनी दोन्ही हात वर केले. दुसऱ्या फेरीत काशँ चालत पंखावर गेले. एका बाजूचे वजन वाढूनही विमान समतल राहिले. शेवटच्या फेरीत दोघेही पंखांवर होते आणि वैमानिकाची जागा रिकामी होती. परीक्षकांनी त्यांना ५० हजार फ्रँकचे पहिले बक्षीस दिले. लॉरेन्स तेव्हा २१ वर्षांचे होते. काही आठवड्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले.

टर्न इंडिकेटरची गरज का होती?

युद्धकाळात स्पेरी पितापुत्रांनी विनावैमानिक विमानावर काम केले. ६ मार्च १९१८ रोजी त्यांचे असे एक विमान लाँग आयलंडवर सुमारे ९०० मीटर उडाले. मात्र याच काळातील दुसरे, दिसायला साधे उपकरण अधिक टिकले.

ढगात बाहेरचे क्षितिज दिसेनासे होते. शरीराला तोल कळतो तो मुख्यतः डोळे आणि आतील कानातील द्रवामुळे. विमान एकाच गतीने वळत राहिले, तर थोड्याच वेळात कानातील द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासे होते. मग विमान सरळ केले, की उलट बाजूला वळल्याचा भास होतो. वैमानिक हा भास खरा मानून पुन्हा वळतो, उंची घटत जाते आणि विमान गिरक्या घेत खाली येते. कुशल वैमानिकही यातून सुटत नसे, कारण चूक हाताची नव्हे, कानाची असे.

टर्न इंडिकेटरमध्ये एक छोटा भोवरा असतो. त्याचा अक्ष पंखांच्या दिशेने आडवा असतो. विमान वळू लागले की भोवऱ्याची चौकट एका बाजूला कलते, स्प्रिंग तिला मागे खेचते आणि जितके वळण जलद, तितका काटा अधिक सरकतो. खालच्या वक्र नळीतील गोळी विमान बाजूला घसरते आहे का, ते दाखवते. काटा आणि गोळी मध्यभागी ठेवली, की विमान सरळ जाते, मग शरीर काहीही सांगो.

त्यांचा शेवट कसा झाला?

१९१७ मध्ये लॉरेन्स यांनी स्वतःची विमान कंपनी काढली. लष्कराचे निरोप पोहोचवण्यासाठी बेतलेले ‘मेसेंजर’ हे जेमतेम सहा मीटर पंखविस्ताराचे विमान तिथे तयार झाले. ते घेऊन लॉरेन्स १९२२ मध्ये वॉशिंग्टनला थेट अमेरिकी संसद भवनापाशी उतरले. १३ डिसेंबर १९२३ रोजी असेच एक मेसेंजर घेऊन ते इंग्लंडहून फ्रान्सकडे निघाले. विमान इंग्लिश खाडीत उतरले. लॉरेन्स किनाऱ्यावर पोहोचू शकले नाहीत. त्यांचा मृतदेह ११ जानेवारी १९२४ रोजी सापडला. एकतिसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता.

त्यांच्यानंतर काय घडले?

१९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी साडेतेहतीस तासांत एकट्याने अटलांटिक ओलांडला. त्यांच्या विमानात टर्न अँड बँक इंडिकेटर होता. तो बनवणारी पायोनियर कंपनी स्पेरींकडे काम केलेल्या मंडळींनी काढली होती. लॉरेन्स यांचे वडील आणि धाकटे भाऊ एल्मर ज्युनियर यांनी कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक जायरो विकसित केले. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी कॉकपिट झाकून, केवळ उपकरणे पाहून उड्डाण केले आणि विमान उतरवले. पुढच्या वर्षी एल्मर यांचे निधन झाले.

आजच्या घरगुती विमानात त्यांचे काय उरले?

जुन्या पॅनेलवर सहा मुख्य तबकड्या असत. वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणाऱ्या तीन हवेच्या दाबावर चालत, तर क्षितिज, दिशा आणि वळण दाखवणाऱ्या तीन जायरोस्कोपवर. क्षितिज आणि दिशेचे भोवरे सहसा व्हॅक्यूम पंपावर फिरत, टर्न इंडिकेटर मात्र विजेवर. त्यामुळे पंप बंद पडला तरी एक भोवरा फिरता राही.

आता पॅनेल बदलताना अनेक जण पंप आणि नळ्या काढून डिजिटल पडदा बसवतात. त्यामागे फिरता भोवरा नसतो. सिलिकॉनच्या कंप पावणाऱ्या सूक्ष्म रचनेवरून वळण मोजले जाते. मोबाइलमध्येही याच जातीचे सेन्सर असतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या हवाई नियामकाने छोट्या विमानांत टर्न इंडिकेटरच्या जागी दुसरा क्षितिजदर्शक बसवण्यास मुभा दिली. तरी जुने तत्त्व बदललेले नाही. दुसरे उपकरण वेगळ्या वीजस्रोतावर हवे, निदान त्याची स्वतःची बॅटरी हवी. दोन सुंदर पडदे एकाच वायरवर असतील, तर ती वायर तुटताच दोन्ही एकदम विझतात.

मात्र उपकरण बसवले म्हणजे काम संपले असे नाही. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील चाचणीत, असे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही न दिसता विमान उडवायला दिले गेले. मोजकी उपकरणे समोर असूनही सरासरी १७८ सेकंदांत त्यांचा ताबा सुटला. थोड्या प्रशिक्षणानंतर बहुतेकांना विमान सावरून परत वळवता आले. समोरची उपकरणे तीच होती. फरक होता तो शरीराकडे दुर्लक्ष करून काट्याचे ऐकण्याच्या सवयीचा. सीन नदीवर हात वर करताना लॉरेन्स यांनी नेमके तेच केले होते. पडदा कितीही नवा घेतला, तरी ही सवय विकत मिळत नाही, ती सरावानेच लावून घ्यावी लागते.