मागे राहिलेली मैना
दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या सिरसाळ्याच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-बाबा कोयता घेऊन जात आणि मी आजीपाशी राहात असे. म्हणूनच अण्णाभाऊ साठे मला घरातले वाटतात.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावी, मातंग समाजात त्यांचा जन्म झाला. शाळा जवळजवळ लाभलीच नाही. वडिलांबरोबर ते पायी मुंबईस गेले, गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. वरवर पाहता ती पोटासाठी मुंबईस आलेल्या गड्याने काढलेली बायकोची आठवण आहे. परंतु शेवटी त्याच मैनेत बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दिसू लागतात. घरातली ताटातूट आणि प्रांताची ताटातूट त्यांनी एका सुरात बांधली. १ मे १९६० रोजी राज्य झाले. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गरिबीतच गेले.

छक्कडीत बोलतो तो गाव सोडून गेलेला. मागे राहिलेल्याच्या मनात काय असते, ते मला ठाऊक आहे. यंदाही आई फडात आहे. माझी फी त्याच कोयत्यातून आली. तिला वाचता येत नाही. ती परतली की हा लेख मी तिला वाचून दाखवीन.