डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूर हे हातमागांचे व कापडगिरण्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. या गावी १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील शांतारामपंत गिरणीत नोकरीस होते. दोन भाऊ व पाच बहिणी अशी द्वारकानाथांची भावंडे. कुटुंब मोठे होते व मिळकत बेताची होती. तरीही द्वारकानाथांचे शिक्षण थांबले नाही. वैद्यकाच्या अभ्यासासाठी त्यांनी मुंबईची वाट धरली. सोलापूरहून निघालेली आगगाडी पुण्यापुढे बोरघाट उतरे आणि कल्याण, ठाणे ही स्थानके मागे टाकीत मुंबईत शिरे. तेथे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात द्वारकानाथांनी अभ्यास केला व ते डॉक्टर झाले. शस्त्रक्रियेच्या शास्त्राकडे त्यांचा विशेष ओढा होता. पदवी मिळाल्यावर ते वरच्या परीक्षेच्या तयारीला लागले. पुढे एखाद्या शहरात दवाखाना थाटून सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते.

परंतु त्याच सुमारास आशिया खंडात युद्धाचा वणवा पेटला. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. गावेच्या गावे बेचिराख झाली. हजारो सैनिक व नागरिक जखमी झाले. पण त्यांच्यावर उपचार करण्यास पुरेसे डॉक्टर नव्हते व औषधेही नव्हती. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. भारत त्या वेळी स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही शेजाऱ्याच्या संकटात स्वस्थ बसणे आपल्या नेत्यांना योग्य वाटले नाही. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला मदतीचे आवाहन केले. लोकांनी वर्गणी गोळा केली आणि चीनला डॉक्टरांचे एक पथक पाठविण्याचे ठरले.

ही वार्ता द्वारकानाथांच्या कानी आली. त्यांनी घरच्या माणसांपाशी आपला मनोदय सांगितला. चीन कसा आहे, तेथे काय चालले आहे, याची घरात कोणाला फारशी माहिती नव्हती. मुलगा इतक्या दूर आणि तोही युद्धाच्या मुलखात जाणार, ही गोष्ट साधी नव्हती. तरी घरच्यांनी त्यांना जाऊ दिले. पथकात पाच डॉक्टर होते : पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने त्यांनी मुंबईचा किनारा सोडला.

त्याच महिन्यात पथक चीनमधील कँटन बंदरात पोहोचले. तेथून डॉक्टर हँकाऊस गेले. पुढे शत्रू जसजसा जवळ येऊ लागला, तसतसे इस्पितळांना मागे हटावे लागले व पथक यांगत्से नदीच्या काठाने चुंगकिंगला आले. सैन्याची आठवी वाट सेना उत्तरेकडे लढत होती. तिच्याकडे डॉक्टरांची वाण सर्वांत अधिक होती. म्हणून तिच्या मुख्य ठाण्यास, येनानला, जाण्याचा पथकाने निश्चय केला.

या प्रवासाच्या काळातच द्वारकानाथांवर दुःखाचा घाला पडला. वडील निवर्तल्याची बातमी त्यांना कळली. घरी परत जाण्यास त्यांना कोणीही बोल लावला नसता. विधवा आई व धाकटी भावंडे यांची आठवण त्यांना व्याकुळ करीत असली पाहिजे. परंतु हाती घेतलेले काम टाकून परतावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते सोबत्यांसह येनानला पोहोचले. चीनशी असलेले आपले नाते दाखविण्यासाठी पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडून घेतले. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस हे ‘के दी-हुआ’ झाले.

रणांगणावरील वैद्याचे काम शहरातील डॉक्टरांच्या कामाहून फार निराळे असते. गोळी लागली म्हणजे केवळ रक्तस्रावानेच माणूस दगावतो असे नाही. गोळीबरोबर माती व कपड्यांच्या चिंध्याही जखमेत शिरतात. काही तासांतच त्या जागी जंतू वाढू लागतात, जखम सडते आणि विष सर्वांगात भिनते. आज या जंतूंचा नाश करणारी प्रभावी औषधे मिळतात; त्या वेळी पेनिसिलिनचा प्रसार झालेला नव्हता. म्हणून जखम जितक्या लवकर धुऊन स्वच्छ करावी, तितकी जखमी माणूस वाचण्याची आशा अधिक. दूरच्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर होई. यावर उपाय एकच होता : जखमी माणसाने डॉक्टरकडे येण्याची वाट न पाहता डॉक्टरानेच रणभूमीजवळ जावयाचे. कॅनडाचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून हे उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात याच रीतीने काम करीत होते. शस्त्रक्रियेचे सर्व साहित्य लाकडी खोगिरात भरून ते खेचराच्या पाठीवरून नेत. एकदा शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. ती चिघळून रक्तात विष पसरले व १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास डॉ. कोटणीस आघाडीकडे निघाले होते. तोवर डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी मायदेशी परतले होते. पुढे प्रकृती बिघडल्यामुळे डॉ. अटल यांनाही परतावे लागले. कोटणीस व बसू हे दोघे डोंगरदऱ्या तुडवीत, शत्रूच्या चौक्या चुकवीत वूताई पर्वताच्या प्रदेशात गेले. काही काळाने बसू पुन्हा येनानला गेले आणि त्या रणभूमीवर कोटणीस हे पथकातील एकटेच राहिले.

१९४० साली चिनी सैन्याने शत्रूच्या लोहमार्गांवर व ठाण्यांवर एकाच वेळी मोठा हल्ला चढविला. जखमी सैनिकांची रांग संपेना. या लढाईच्या काळात कोटणीसांनी सुमारे ८०० जखमींवर उपचार केले. एकदा तर ७२ तास डोळ्याला डोळा न लावता ते शस्त्रक्रिया करीत राहिले. जानेवारी १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे संचालकपद त्यांच्याकडे देण्यात आले.

इस्पितळ म्हटले की मोठी इमारत डोळ्यांपुढे उभी राहते. हे इस्पितळ तसे नव्हते. खेड्यातील मातीची घरे हेच त्याचे विभाग होते. शत्रू चालून येत आहे असे कळताच रुग्णांना डोल्यांवर घालून व औषधे खेचरांवर लादून सारे इस्पितळ डोंगरात हलवावे लागे. पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापराव्या लागत. अशा स्थितीतही कोटणीस दुसरे एक महत्त्वाचे काम करीत होते. एका डॉक्टराच्या दोन हातांनी किती जखमा बऱ्या होणार? म्हणून इस्पितळाला जोडलेल्या शाळेत ते नव्या वैद्यांना शिकवीत असत. शिकविता यावे म्हणून ते मोठ्या चिकाटीने चिनी भाषा शिकले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक तयार केले व पुढे दुसरेही लिहावयास घेतले.

ते गावकऱ्यांवरही उपचार करीत. त्या दरिद्री मुलखात त्यांचे राहणे व खाणेपिणे इतरांसारखेच साधे असे. त्यांच्या सावळ्या वर्णावरून व मायाळू वागण्यावरून तेथील लोक त्यांना प्रेमाने ‘काळी आई’ म्हणू लागले. आपल्याकडे शेतकरी ज्या जमिनीवर जगतो तिला काळी आई म्हणतो. दूरच्या चीनमध्ये, आपल्या भाषेचा गंधही नसलेल्या लोकांनी, तेच नाव या मराठी डॉक्टराला द्यावे, हा योगायोग खरोखर नवलाचा आहे.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी कोटणीसांचा विवाह कुओ चिंग-लान या चिनी परिचारिकेशी झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिन-हुआ’ असे ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देशांची नावे त्या बाळाच्या एका नावात एकत्र आली.

पण अतिश्रमाने कोटणीसांचे शरीर खंगत चालले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. अशा रोगावर नीट उपचार व्हावयाचे, तर रणभूमी सोडून दूर जाणे अवश्य होते. वरिष्ठांनी त्यांना तसे सुचविलेही. परंतु आपण गेलो तर येथील रुग्णांचे व विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता. ते गेले नाहीत. पाठ्यपुस्तकाचे लेखन चालू असतानाच त्यांना पुन्हा तीव्र झटके आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पुस्तक अपुरेच राहिले.

ज्या गावकऱ्यांमध्ये ते वावरले, त्यांनीच त्यांना अखेरचा निरोप दिला. पुढे त्यांची समाधी हपै प्रांतातील शिच्याच्वांग शहरी नेण्यात आली. तेथील हुतात्म्यांच्या उद्यानात डॉ. बेथ्यून यांचीही समाधी आहे. चित्रपटदिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढून त्यांचे जीवन भारतीय जनतेपुढे आणले. चीनने १९८२ साली व भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल-तिकीट काढले. पुढील काळात भारत व चीन यांच्या संबंधांत कटुता आली. १९६२ साली तर या दोन देशांत युद्धही झाले. तरी कोटणीसांविषयीचा आदर दोन्हीकडे कायम राहिला.

पथकातील चार डॉक्टर आपापले काम करून मायदेशी परतले. त्यांची सेवाही लहान नव्हती. कोटणीसांनाही परत येण्याची संधी एकदा नव्हे, तर अनेकदा मिळाली होती. वडील गेले तेव्हा, सोबती निघाले तेव्हा, प्रकृती ढासळली तेव्हा. प्रत्येक वेळी जखमी माणसांकडे पाहून त्यांनी आपले पाऊल मागे घेतले नाही. ज्या घरातील माणसांना चीनची फारशी माहिती नव्हती, त्या सोलापुरातील घराचे आज स्मारक झाले आहे आणि ते पाहण्यासाठी चीनहून पाहुणे येतात.