लॉर्ड कर्झन आणि मानापमानाचें राजकारण

राज्यकर्त्याचें कार्य त्याच्या बुद्धीनें उभें राहतें. परंतु त्याजविषयींचा लोकग्रह बहुधा त्याच्या स्वभावावरून बनतो. लॉर्ड कर्झन यांचें चरित्र याची ठळक साक्ष आहे.

यांचा जन्म १८५९ सालीं डर्बीशायरांतील केडलस्टन येथें उमराव घराण्यांत झाला. ऑक्सफर्ड येथें त्यांच्या तोऱ्यावर एक थट्टेची कविता रचली गेली. ती जन्मभर त्यांच्या नांवास चिकटली. पाठीच्या विकारामुळें त्यांस आधाराचा पट्टा बांधावा लागे. देह ताठ राही तो दुखण्यानें. लोकांनीं तो गर्वाचा ताठा मानिला. आणि खरा गर्वही अंगीं असल्यामुळें हा समज कधीं पुसला गेला नाहीं.

१८९९ सालीं ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. ते अत्यंत उद्योगी होते. एका हिंदी स्वयंपाक्यास मरेपर्यंत मारल्याच्या प्रकरणीं १९०२ सालीं त्यांनीं नवव्या लॅन्सर्स या गोऱ्या रिसाल्यास शिक्षा केली व स्वजातीयांचा रोष पत्करिला. १९०४ च्या कायद्यानें प्राचीन इमारतींस संरक्षण दिलें. परंतु १९०५ च्या फेब्रुवारींत कलकत्ता विश्वविद्यालयाच्या पदवीदानसमारंभांत पौर्वात्यांच्या सत्यनिष्ठेविषयीं त्यांनीं उपमर्दकारक उद्गार काढले, आणि १६ ऑक्टोबरला लोकमत झुगारून बंगालची फाळणी अमलांत आणिली. मग ती न्यायाची गोष्ट कोणाच्या स्मरणांत राहणार?

त्याच वर्षीं सरसेनापति लॉर्ड किचनेर यांच्याशीं त्यांचा वाद विकोपास गेला. सेनापतीच्या सूचना पारखून घेणारा स्वतंत्र लष्करी सल्लागार कौन्सिलांत असावा, हें कर्झन यांचें म्हणणें रास्त होतें. सर्व भार एकाच अधिकाऱ्यावर टाकण्यांतील दोष मेसोपोटेमियाच्या मोहिमेवरील चौकशी मंडळानें १९१७ सालीं दाखविलाच. परंतु कर्झन यांनीं तो प्रश्न स्वतःच्या मानाचा केला आणि ऑगस्टमध्यें राजीनामा दिला. तत्त्व बाजूस राहिलें. दोन मानी पुरुषांचें भांडण एवढेंच जगास दिसलें.

१९२३ च्या मे महिन्यांत बोनर लॉ यांनीं मुख्य प्रधानपद सोडलें. तें आपणांसच मिळणार अशा समजुतीनें कर्झन लंडनास आले. पण निवड बाल्डविन यांची झाली. उमरावांच्या सभेंतील गृहस्थ त्या पदावर नको, हें एक कारण होतें. सहकाऱ्यांस त्यांचा स्वभाव जड वाटे, हेंही खरें. या वेळीं मात्र त्यांनीं अपमान गिळला. पक्षाच्या सभेंत बाल्डविन यांचें नांव त्यांनींच सुचविलें आणि परराष्ट्रमंत्रिपद सांभाळलें. त्यांच्या आयुष्यांतील हा थोर प्रसंग फार थोड्यांस ठाऊक आहे, कारण लोकांचें मत तोंवर बनून चुकलें होतें. १९२५ सालीं ते वारले.

नगरपालिका असो वा व्यापारी मंडळ, पुढाऱ्यांच्या रुसव्याफुगव्यांत सार्वजनिक प्रश्न बुडतात, हा अनुभव सर्वत्रच येतो. पुढाऱ्यांनीं स्वतःचा मान आणि कार्याचा मान यांतील भेद ओळखावा. नागरिकांचेंही एक कर्तव्य आहे: मनुष्य आवडो वा न आवडो, त्याचें म्हणणें खरें कीं खोटें, हें आधीं तपासावें. रागीट मनुष्याचें रास्त म्हणणें फेंकून दिल्यास नुकसान त्याचें थोडें, जनतेचें फार होतें.