हॅरी फर्ग्युसन: ट्रॅक्टर मागे उलटू नये म्हणून झटलेला माणूस

रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर जोडताना तुम्ही खाली दोन आर्म आणि वर टॉप लिंक, अशा तीन पिना लावता. ही थ्री पॉइंट लिंकेज घडवली आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने. हॅरी फर्ग्युसन त्याचे नाव. हलक्या ट्रॅक्टरने जड काम सुरक्षित कसे करावे, हे त्याच्या आयुष्यातून नीट समजते.

शेतातून वर्कशॉपकडे

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी डाउन परगण्यातील ग्रोवेल येथे झाला. शेतीकामात मन रमेना, म्हणून १९०२ मध्ये तो बेलफास्टला भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये गेला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बांधलेले विमान उडवले. आयर्लंडमधले ते पहिले विमानोड्डाण होते. पुढे त्याने स्वतःचा मोटार व्यवसाय काढला आणि ट्रॅक्टरही विकू लागला.

पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी मंडळाने ट्रॅक्टरचा वापर सुधारण्याचे काम त्याच्यावर सोपवले. सहकारी विली सँड्ससह तो गावोगाव फिरला आणि खरी अडचण त्याच्या लक्षात आली. तेव्हा नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की चाके पुढे जाईनात, पण इंजिनाचा जोर चालूच राही. मग ट्रॅक्टरचा पुढचा भाग वर उचलला जाई आणि तो मागे उलटून चालकावर पडे. फोर्डसन ट्रॅक्टरच्या अशा अपघातांत माणसे दगावली.

उपाय

ट्रॅक्टर जड करणे हा सोपा मार्ग होता. पण जड ट्रॅक्टर माती दाबतो आणि इंधनही जास्त खातो. फर्ग्युसनने नांगर आणि ट्रॅक्टर एकसंध जोडले. नांगर चालताना टॉप लिंकमधून पुढे रेटा येतो आणि ट्रॅक्टरचे तोंड खाली राहते. शिवाय १९२६ मध्ये त्याने हायड्रॉलिक ड्राफ्ट कंट्रोलचे पेटंट घेतले. अवजाराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. अवजार अडकले तर तो भार सुटतो, चाके जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्टर उलटण्याचा धोका खूप कमी होतो.

१९३६ मध्ये डेव्हिड ब्राऊनसोबत त्याने या पद्धतीचा ट्रॅक्टर बाजारात आणला. १९३८ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्डला प्रात्यक्षिक दाखवले आणि दोघांनी कागदाशिवाय, हात मिळवून करार केला. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर आला. फोर्डच्या नातवाने मात्र हा व्यवहार मोडला आणि तीच पद्धत वापरून नवा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ मध्ये तडजोडीत त्याला ९२.५ लाख डॉलर मिळाले. तोंडी व्यवहार किती महागात पडतो, हेही इथे लक्षात ठेवा.

१९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्याचा छोटा करडा टीई-२० ट्रॅक्टर तयार होऊ लागला. दहा वर्षांत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव रूढ झाले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी चेन्नईत टॅफे कंपनी सुरू झाली. आपल्याकडच्या शिवारात दिसणारे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर तिचेच.

तुमच्या ट्रॉलीसाठी

लिंकेजचे हे संरक्षण फक्त नीट जोडलेल्या अवजाराला मिळते. ट्रॉली किंवा टोचन ओढताना जुना धोका तसाच असतो. म्हणून:

- साखळी किंवा दोर टॉप लिंकच्या जागी किंवा मागच्या ॲक्सलला कधीही बांधू नका. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरूनच घ्या.
- एक चाकी-जोडी असलेल्या ट्रॉलीत माल थोडा पुढे भरा. फर्ग्युसनच्या ट्रेलरचा ॲक्सलही याच कारणाने मागे होता. माल मागे गेला तर हुक वर उचलला जातो आणि मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढे आला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही.
- ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील ओढण्याची मर्यादा पाळा. इंजिन ओढू शकते म्हणून ब्रेक थांबवू शकतीलच असे नाही.
- रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडा. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. उतारावर क्लच दाबू नका, न्यूट्रल करू नका. मागची ट्रॉली ढकलू लागली की ट्रॅक्टर आडवा होतो.
- पिनेला लॉक आणि सोबत सुरक्षा साखळी लावा. ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर हवेच.
- ट्रॅक्टर चिखलात रुतला तर जोराने पुढे काढू नका. आधी ट्रॉली सोडा आणि मग रिव्हर्सने बाहेर या.

कृषी सहायकांनी ऊसतोडणी हंगामाआधी गावात हे एकदा प्रत्यक्ष ट्रॅक्टर-ट्रॉली उभी करून दाखवावे. पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालवण्याला काही तरुण बहाद्दरी समजतात. ती चाके जमिनीवर ठेवण्यासाठी फर्ग्युसनने अनेक वर्षे खर्ची घातली, हे त्यांना आवर्जून सांगा.