विश्लेषण : मे महिन्याच्या उन्हात जुनी ‘फियाट’ का उकळते? वालचंद हिराचंद यांचे मोटारीचे स्वप्न आणि विजेचा पंखा

मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा दिवसांत मुक्ताईनगरहून भुसावळ किंवा मलकापूरच्या दिशेने जुनी प्रीमिअर पद्मिनी घेऊन निघणाऱ्याची एक नजर महामार्गावर आणि दुसरी तापमानाच्या काट्यावर असते. घरोघरी ‘फियाट’ म्हणूनच ओळखली जाणारी ही गाडी ज्यांनी जपली आहे, त्यांच्यातले काही जण आता तिला विजेवर चालणारा पंखा बसवून घेतात. ही गाडी बनवणारी कंपनी उभी केली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. मोटार इथे बनावी यासाठी ते अनेक वर्षे झगडले. मात्र ती इथेच आखली जाण्याचा टप्पा त्यांच्या हयातीत आला नाही. त्यांचे आयुष्य आणि हा छोटासा पंखा यांचा संबंध काय, ते पाहू या.

कोण होते वालचंद हिराचंद?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरचा. घराणे मूळचे गुजरातचे, दिगंबर जैन; व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. घरच्या पेढीवर बसण्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेबांधणीची कंत्राटे घेतली. सुरुवात झाली बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून. पुढे बोरघाटातील बोगदे खोदण्यापर्यंत मजल गेली आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

खान्देशच्या शेजारी त्यांची आणखी एक खूण आहे. मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे त्यांनी माळरान घेऊन शेती केली आणि १९३३ मध्ये साखर कारखाना सुरू केला. ‘रावळगाव’च्या गोळ्या चघळत मोठ्या झालेल्या अनेकांना त्यामागचा माणूस मात्र ठाऊक नसतो.

जहाज, विमान आणि मग मोटार?

पहिल्या महायुद्धानंतर भारताच्या सागरी व्यापारावर ब्रिटिश कंपन्यांची पकड होती. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांसह ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी सुरू झाली. १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, विमान कारखाना सरकारने ताब्यात घेतला. जहाजबांधणीचा कारखानाही पुढे १९५२ मध्ये सरकारकडे गेला. मोटार कारखाना मात्र खासगीच राहिला.

मोटार कारखान्याला उशीर का झाला?

भारतात मोटार बनवण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकातच मांडली होती. वालचंद यांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. पण युद्धाच्या काळात परदेशातून यंत्रे आणायची तर सरकारची परवानगी हवी, डॉलर हवेत. ब्रिटिश सरकारने या उद्योगाला पाठबळ दिले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. आराखडा, नाव आणि बरेचसे सुटे भाग मात्र अमेरिकेचे होते.

त्यानंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. याच सुमारास वालचंद यांची प्रकृती ढासळली. १९४९ मध्ये पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. फियाटने आपली नवी ११०० गाडी युरोपात आणली तीही १९५३ मध्येच. म्हणजे ज्या गाडीमुळे प्रीमिअरचे नाव घराघरांत गेले, ती वालचंद यांनी कुर्ल्यात बनताना पाहिलीच नाही.

मग गाडी बदलली का नाही?

परवाना राज, आयातीवरची बंधने आणि गाडीसाठी लागणारी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. ग्राहक रांगेत उभा असताना नवा आराखडा करण्याची घाई कुणाला नव्हती. १९७० च्या दशकात फियाटचे नाव जाऊन आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ आले. १०८९ सीसीचे मूळ इंजिन मात्र कायम राहिले. त्यात पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवर बसतो आणि इंजिनच पट्ट्याने त्याला फिरवते.

गाडी गरम होण्यामागचे गणित काय?

इंधन जळून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश रेडिएटरमार्गे बाहेर टाकावी लागते. रेडिएटरमधले पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर असेल, तर फरक ६० अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ४५ अंशांवर येतो. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात रेडिएटरची ताकद सुमारे २५ टक्क्यांनी घटते.

त्यात गाडी फाटकावर किंवा बाजारात अडकली की इंजिन संथ फिरते आणि त्याला बांधलेला पंखाही संथ होतो. वारा सर्वाधिक हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी मिळतो.

विजेचा पंखा आणि श्राउड काय करतात?

विजेचा पंखा बॅटरीवर चालतो, त्यामुळे इंजिनाच्या वेगाशी त्याचा संबंध राहत नाही. रेडिएटरवर तापमानाचा स्विच बसवला की पाणी ठरलेल्या अंशावर पोहोचताच पंखा सुरू होतो आणि निवल्यावर बंद पडतो.

श्राउड म्हणजे रेडिएटर आणि पंखा यांच्यामधले पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे आवरण. पंखा गोल, रेडिएटरची जाळी चौकोनी. समजा, ४० बाय ४० सेंटिमीटरच्या जाळीला ३० सेंटिमीटरचा पंखा थेट चिकटवला, तर जेमतेम ४४ टक्के भागातून वारा नीट ओढला जाईल. आवरण असेल तर पंखा कोपऱ्यांतूनही हवा ओढतो. शिवाय इंजिनाकडची गरम हवा पात्यांच्या कडेने परत फिरत नाही.

बसवताना काय पाहावे?

* आधी दुखणे ओळखा. उभ्या गाडीचा काटा चढत असेल तर पंख्याचा उपयोग होतो. महामार्गावर वेगात असतानाही चढत असेल तर बहुधा रेडिएटर आतून क्षाराने बुजलेला असतो. बोअरच्या जड पाण्यामुळे हे होते. तो साफ करा, थर्मोस्टॅट तपासा आणि पाण्याऐवजी कूलंट वापरा.
* पट्टा काढू नका. जुना पंखा काढला तरी वॉटर पंप आणि डायनॅमो त्याच पट्ट्यावर चालतात.
* वायरिंग स्वतंत्र ठेवा. १० इंची पंखा साधारण ८ ते १० अँपिअर वीज घेतो, सुरू होताना त्याहून जास्त. म्हणून रिले आणि फ्यूज हवाच. जुना डायनॅमो संथ इंजिनावर पुरेशी वीज देत नाही, त्यामुळे अल्टरनेटर असलेला बरा.
* पंख्याची दिशा तपासा. इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या पंख्याने हवा ओढली पाहिजे, जाळीच्या पुढे बसवलेल्याने ढकलली पाहिजे. उलट्या तारा जोडल्या तर तो येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो.
* पंखा जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नका. हादऱ्यांनी नळ्या घासून गळती लागते. लोखंडी पट्टीची चौकट करून घ्या.
* गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

आज काय उरले?

२००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली. वालचंद यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे आणि वालचंदनगरला आहे. त्यांनी कारखाना आणला, हजारो कारागीर तयार झाले, सुटे भाग बनवणारे उद्योग आसपास उभे राहिले. पण कारखाना आपला असणे आणि आराखडा आपला असणे, या दोन गोष्टींमधले अंतर त्यांच्या मागे राहिलेल्यांनी फार काळ मिटवले नाही. इथल्या उन्हाला पुरेल असा पंखा कारखान्यात बसला नाही. तो आज गॅरेजमधला मिस्त्री पत्रा कापून, रिले जोडून बसवतो आहे.